नाकाला फिलर करण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. नाकाला फिलर करायचं म्हणून येणारे बहुतेकजण दोनच प्रश्न घेऊन येतात: खर्च किती, आणि टिकतं किती दिवस. डोळ्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. खालचे प्रश्न ओपीडीत आणि व्हॉट्सॲपवर आलेले आहेत, भाषा जवळजवळ विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं माझी.

यात नक्की करतात काय? नाक बारीक होतं का?

नाही होत. फिलर म्हणजे भर. इंजेक्शनने त्वचेखाली जेल घालतात. दांड्यावर उंचवटा असेल तर त्याच्या वरच्या आणि खालच्या खळग्यात थोडं थोडं जेल भरून रेघ सरळ दिसेल असं करतात. उंचवटा जागच्या जागीच असतो, फक्त लपतो. बसकं नाक भर घातल्यावर उंच दिसतं, झुकलेला शेंडा थोडा उचलल्यासारखा दिसतो. साधारण अर्धा ते एक मिली जेल लागतं आणि अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

नाक मुळातच मोठं असेल, नाकपुड्या फेंदारलेल्या असतील किंवा आतला पडदा वाकडा असल्याने श्वास अडत असेल, तर फिलर त्यावर काहीही करू शकत नाही. चाफेकळीसारखं नाक हवं म्हणून आलेल्या कितीतरी जणींना मला हे सांगावं लागतं, आणि त्यातल्या काही दुसरीकडे जाऊन करून येतात.

सेल्फीत माझं नाक फार रुंद दिसतं. त्यावर हा उपाय योग्य का?

आधी फोन लांब धरा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब मांडला होता: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं, एवढंच त्यामागचं कारण. माझ्याकडे कोणी सेल्फी दाखवत आलं की मी त्यांना भिंतीशी उभं करते आणि पाच फुटांवरून फोटो काढून देते. काहीजणांचं काम तिथेच संपतं.

ओठांना फिलर केलं होतं, काही झालं नाही. मग नाकाचाच एवढा बाऊ कशाला?

बाऊ नाही. रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे, आणि तो समजावून सांगायला मला पुण्याचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते.

कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो नाकाविनाच राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या, म्हणजे आपल्या शब्दांत कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याचं नाक परत तयार केलं. आधी मेणाचा पातळ पत्रा करून नाकाच्या जागी बसवून पाहिला, मग तो उघडून कपाळावर पसरला, त्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवली. मात्र दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी त्याने कापली नाही. सुमारे पंचवीस दिवसांनी नवं नाक धरल्यावरच ती तोडली. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी हे समक्ष पाहिलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली.

ती पट्टी का ठेवली? त्या पट्टीतून रक्त येत होतं. भुवयांच्या आतल्या टोकाशी कपाळावर चढणारी एक धमनी आहे, आणि कपाळाची कातडी नाकावर जिवंत राहते ती तिच्या जोरावर. ही धमनी येते कुठून? डोळ्याच्या खोबणीतून. डोळ्याला रक्त पुरवणारी जी मुख्य धमनी कवटीच्या आत निघते, तिच्याच या बाहेर आलेल्या फांद्या. एक कपाळावर जाते, दुसरी नाकाच्या दांड्यावर उतरते. गालाकडून वर येणारी धमनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी त्यांना मिळते. आणि त्याच मूळ धमनीची एक केसाएवढी फांदी दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, रक्त देते.

म्हणजे नाकाचा दांडा आणि डोळ्याचा पडदा एकाच नळाच्या दोन तोट्या आहेत. कुंभाराने ज्या जोडाचा फायदा घेतला, तोच जोड फिलरच्या बाबतीत गोत्यात आणतो. ओठांमध्येही रक्तवाहिनी बंद होऊ शकते, पण तिथून डोळ्यापर्यंतचा रस्ता बराच लांबचा आहे.

दुसरं कारण जागेचं. ओठ मऊ आहे, फुगतो, जागा देतो. नाकाच्या शेंड्यावर कातडी कूर्चेला घट्ट चिकटलेली असते. तिथे थोडं जास्त जेल गेलं तरी दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या बाहेरूनच चेपल्या जातात. शेंडा हा रक्तपुरवठ्याचाही शेंडाच. त्याच्या पलीकडून मदतीला येणारं कोणी नाही.

डोळा जातो म्हणतात ते खरं आहे की घाबरवायला सांगतात?

खरं आहे. दुर्मीळ आहे, पण झालेलं आहे, नोंदलेलं आहे, आणि बहुतेक वेळा गेलेली नजर परत आलेली नाही.

होतं ते असं. सुईचं टोक नकळत धमनीत असतं. अंगठ्याच्या दाबाने जेल आत शिरतं आणि तो दाब रक्तदाबापेक्षा जास्त असेल तर जेल प्रवाहाच्या उलट, मागे डोळ्याच्या दिशेने सरकतं. ते मुख्य धमनीपर्यंत पोचतं, मग डॉक्टर दाब सोडतात, रक्त पुन्हा पुढे वाहू लागतं आणि त्या जेलचे तुकडे दृष्टिपटलाच्या धमनीत ढकलतं. हे सगळं सेकंदांत होतं. त्यासाठी किती जेल पुरतं? मिलीलिटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. टेबलावर ठेवलं तर जेमतेम दोन साबुदाण्याएवढं दिसेल.

पेशंटला खुर्चीतच कळतं: एका डोळ्यापुढे अंधार किंवा पडदा, बरेचदा डोळ्यात आणि डोक्यात कळ, मळमळ, उलटी. कधी पापणी पडते, डोळा वळत नाही. जेल आणखी मागे मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत गेलं तर अर्धांगवायूही होऊ शकतो. दृष्टिपटल रक्तावाचून फार वेळ तग धरत नाही. पुस्तकांत ६० ते ९० मिनिटांचा आकडा असतो, आणि तोसुद्धा मला फार उदार वाटतो.

पण प्रमाण किती? लाखात एखादी केस असेल ना?

नाकाचा असा नेमका आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण किती नाकं केली जातात याची मोजदाद कुठेच होत नाही. जे मोजलं गेलं आहे ते सांगते. २०१५ मध्ये जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या वा बिघडल्याच्या ९८ केसेस एकत्र केल्या गेल्या. त्यांत नाकाचा वाटा साधारण चौथा हिस्सा होता. त्याच संशोधकांनी पुढच्या साडेतीन-पावणेचार वर्षांतल्या आणखी ४८ केसेस २०१९ मध्ये छापल्या, आणि त्यांत निम्म्याहून जास्त नाकाच्या होत्या. पहिल्या यादीत सगळ्यांत जास्त दोष स्वतःच्याच चरबीच्या इंजेक्शनचा होता. दुसऱ्या यादीत पाचांपैकी चार केसेस हायलुरॉनिक ॲसिडच्या, म्हणजे ज्याला आपण सर्वांत सुरक्षित म्हणतो त्या जेलच्या. जेल बिघडलं नाही, वापर वाढला आणि तो नाकाकडे सरकला. शिवाय या फक्त छापून आलेल्या केसेस. स्वतःची चूक नियतकालिकाला लिहून कळवणारे डॉक्टर किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

कातडीची रक्तवाहिनी बंद होण्याबद्दल २०२१ चा एक अमेरिकी अभ्यास आहे. सुईने घातलेल्या सुमारे ६,४०० सिरिंजमागे एक, आणि बोथट टोकाच्या कॅन्युलाने घातलेल्या सुमारे ४०,९०० मागे एक. पण हा आकडा संपूर्ण चेहऱ्याचा आहे, आणि तोही पदवीधर, बोर्डमान्य त्वचारोगतज्ज्ञांच्या हातचा. जिममधल्या मित्राने सुचवलेल्या ‘एस्थेटिक स्टुडिओ’ला तो लावू नका.

क्लिनिकने सांगितलं की त्यांचं फिलर अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं आहे. मग चिंता कसली?

फिलर मान्य आहे, नाक नाही. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घड्या, ओठ, गाल, हनुवटी, हाताची मागची बाजू अशा ठरावीक जागांसाठी एफडीएने निरनिराळी फिलर मान्य केली आहेत. नाकात तेच जेल घालणं हा मान्यतेबाहेरचा वापर ठरतो. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर असा वापर करू शकतात, मीही केला आहे. पण ‘एफडीए मान्य’ एवढंच सांगून पुढचं गाळणं ही लबाडी आहे. त्याच एफडीएने २०१५ मध्ये फिलर रक्तवाहिनीत जाण्याच्या धोक्याबद्दल जाहीर सूचना काढली होती, ती मात्र कोणत्या क्लिनिकच्या रीलमध्ये दिसत नाही.

कातडी मरते म्हणजे काय? कशी ओळखायची?

रक्त थांबलं की सुरुवातीला ती जागा पांढरीफटक पडते. कधी लगेच, कधी थोड्या वेळाने. नंतर जांभळट जाळी उमटते, संगमरवरावर शिरा असतात तशी. बोटाने दाबून सोडलं तर निरोगी कातडीचा रंग दोनेक सेकंदांत परत येतो, इथे तीन-चार सेकंद किंवा जास्त लागतात. दुखतं, पण जेलमध्येच बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला दुखणं दबून जातं आणि घरी गेल्यावर, औषध उतरल्यावर जाणवतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या जागी पिवळसर पुवाचे बारीक फोड येतात. इथे फसगत होते. मागे माझ्याकडे एक मुलगी आली होती, पंचविशीतली, ओढणीने नाक झाकून. फिलर शनिवारी दुसरीकडे केलेलं. रविवारी तिने तिथे फोटो पाठवला, उत्तर आलं ‘नॉर्मल आहे, बर्फ लावा’. सोमवारी फोड आले, तेव्हा ‘नागिणीसारखं वाटतंय’ म्हणून मलम. मंगळवारी संध्याकाळी ओढणी काढली तेव्हा शेंड्यावर आणि उजव्या नाकपुडीच्या पाळीवर डाळीएवढे फोड, भोवती जांभळी जाळी, आणि त्या जाळीची कड नेमकी मध्यरेषेवर थांबलेली. नागीण किंवा पिंपल्स रक्तवाहिनीचा नकाशा पाळत नाहीत, हे पाळतं. दाबलं तर रंग परतायला मी मनात सातापर्यंत मोजलं. उपचार केले, बरंच वाचलं, पण नाकपुडीच्या पाळीला एक खाच राहिली. नथ घालायच्या जागीच. बर्फाने त्यात भरच पडली होती, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

पण हे फिलर विरघळवता येतं ना? तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.

हायलुरॉनिक ॲसिडचं असेल तरच. त्याला विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम मिळतं. डोळ्याचे डॉक्टर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या भुलीत ते अनेक वर्षं वापरतात, तेव्हा औषध दुर्मीळ नाही. कातडीची धमनी बंद झाल्याचा संशय आला की ते भरपूर मात्रेत, पूर्ण भागात, आणि रंग परत येईपर्यंत तासातासाने द्यावं लागतं. एकच कुपी असेल तर ती पहिल्या तासातच संपू शकते. म्हणून क्लिनिकला ‘हायलुरोनिडेज आहे का’ हे विचारू नका, ‘किती कुप्या आहेत, आत्ता, फ्रिजमध्ये’ असं विचारा. ‘शेजारच्या मेडिकलमधून मागवतो’ हे उत्तर मिळालं तर चप्पल घाला आणि निघा.

डोळ्याच्या बाबतीत मात्र या औषधावर भिस्त ठेवता येत नाही. डोळ्यामागे इंजेक्शन देऊन नजर परत आल्याच्या मोजक्या केसेस आहेत, न आल्याच्या जास्त. वेळेत द्यावं, प्रयत्न करावा, पण ‘काही झालंच तर विरघळवू’ ही हमी नाकाच्या कातडीपुरती धरा, नजरेसाठी नाही.

मधमाशीच्या डंखाने अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल तर ते आधी सांगा, त्या लोकांना या एन्झाइमचीही ॲलर्जी असू शकते.

कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडात असतं तसं खनिज), पीएमएमए (प्लास्टिकचे बारीक कण), सिलिकॉन, स्वतःची चरबी, यांपैकी काहीही हायलुरोनिडेजने विरघळत नाही. नाकात ते घालायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

मग कायमस्वरूपी फिलर एकदाच करून टाकलं तर? दरवर्षी खर्च नको.

हा मोह शंभर वर्षांहून जुना आहे. १९०० च्या आसपास युरोपात बसक्या नाकात पातळ केलेलं पॅराफिन मेण इंजेक्शनने भरण्याची टूम निघाली होती. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली सौंदर्यवती, पुढे मार्लबरोची डचेस झाली. ग्रीक पुतळ्यासारखी नाकाची रेघ हवी म्हणून तिने विशीत असताना नाकात मेण घालून घेतलं. मेण जागेवर राहिलं नाही, हळूहळू खाली हनुवटीकडे सरकलं आणि चेहरा जन्मभरासाठी बिघडला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोतीच वितळला. पॅराफिन गेलं, मग सिलिकॉनचं तेल आलं, त्यानेही वर्षांनी गाठी येतात आणि त्या शस्त्रक्रियेनेही पूर्ण निघत नाहीत. नाक कायमचं बदलायचं असेल तर प्लास्टिक सर्जनकडे जाऊन रीतसर ऱ्हायनोप्लास्टीबद्दल बोला. तिचेही धोके आहेत, पण ते वेगळे, आणि निदान उत्तर कायमचं आहे.

सुई आधी मागे ओढून पाहिली, रक्त आलं नाही, की मग सुरक्षित ना?

रक्त आलं तर थांबायचं, हे पक्कं. नाही आलं म्हणजे सुई धमनीत नाहीच, हे मात्र पक्कं नाही. सुई बारीक, जेल घट्ट, आणि मागे ओढताना टोक केसभर हललं की परीक्षाच खोटी. कॅन्युलाने धोका कमी होतो, संपत नाही. काहीजण सोनोग्राफीने धमन्या बघून मग टोचतात, मला ती पद्धत आवडते, पण सगळीकडे मशीन नाही. बाकी सावधगिरी हाताची आहे: मध्यरेषेत राहणं, हाडाला आणि कूर्चेला लागून खोल जाणं (धमन्या बहुधा वरच्या थरात असतात), एका जागी एक दशांश मिलीपेक्षा जास्त न सोडणं, आणि अगदी सावकाश दाबणं. डॉक्टर गप्पा मारता मारता पाच मिनिटांत नाक उरकत असतील तर ती कौशल्याची खूण समजू नका.

हे कोणी करावं? माझी पार्लरवाली ताई कोर्स करून आली आहे.

ताईंबद्दल आदर आहे, थ्रेडिंग त्यांच्याकडेच करा. फिलर हे डॉक्टरचं काम, आणि नाक हे त्यातही चेहऱ्याची शरीररचना हाताखालून गेलेल्या डॉक्टरचं: त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, किंवा चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण ती पदवी नव्हे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पाच मिनिटं लागतात. साडी घेताना आपण दोन दुकानं फिरतो.

आणि एक, नाव पाटीवर डॉक्टरांचं आणि सुई असिस्टंटच्या हातात, असंही चालतं. ‘टोचणार कोण?’ हे थेट विचारा.

ऑनलाइन सुईशिवायचं ‘हायलुरॉन पेन’ मिळतं. ते तर सुरक्षित असेल?

नाही. हवेच्या दाबाने जेल कातडीत मारणारं ते यंत्र आहे. किती खोल जाईल यावर कोणाचाच ताबा नसतो. एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. नाकावर तर नकोच नको.

स्वस्तात करून देतात, दहा हजारांत. बाकीकडे दुप्पट-तिप्पट सांगतात.

चांगल्या कंपनीच्या एक मिलीच्या सिरिंजची किंमतच अशी असते की तेवढ्यात डॉक्टरला परवडत नाही. मग स्वस्त कसं पडतं? एकतर माल कुरिअरने आलेला, बिनपरवान्याचा, किंवा एकच सिरिंज दोघींत वाटलेली. अर्धी वापरलेली सिरिंज ‘तुमचं नाव लिहून’ महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून टच-अपला वापरणं हाही त्यातलाच प्रकार, त्यातून जंतुसंसर्ग होतो. खोकं तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. त्यावर कंपनीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि आयात परवान्याचा क्रमांक असतो. सिरिंजसोबत येणारं स्टिकर मागून घ्या, फोटो काढून ठेवा. काही बिघडलं तर पुढच्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच पडतो: आत नेमकं काय आहे?

माझी नाकाची सर्जरी आधी झाली आहे. थोडा खड्डा राहिलाय, तेवढाच भरायचा आहे.

खड्डा छोटा, धोका मोठा. शस्त्रक्रियेने धमन्यांच्या जागा बदललेल्या असतात, काही तुटलेल्या असतात, आणि व्रणाच्या घट्ट कातडीत जेलला जागा नसते. ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांनाच आधी दाखवा. नाकात सिलिकॉनचं रोपण असेल तर ते नक्की सांगा, संसर्ग झाला तर तेही काढावं लागू शकतं.

कोणी करूच नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. नाकावर किंवा जवळपास मुरुम पिकलेले, सायनसचा किंवा दाताचा संसर्ग चालू असलेले. आधी सिलिकॉनसारखं कायमचं काही भरलेलं असलेले. ल्युपससारखे आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, त्या बहुधा हृदयासाठी दिलेल्या असतात. आणि अठरा वर्षांखालच्यांना मी करत नाही, आई सोबत आली तरी.

लग्न तीन आठवड्यांवर आलंय. आत्ता केलं तर चालेल?

मी नाही म्हणेन. सूज आणि काळंनिळं दोन आठवड्यांत उतरतं, हे झालं सगळं नीट पार पडलं तर. पण कातडीला इजा झाली तर बरं व्हायला महिने लागतात. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ म्हणतात, त्यात सतराशे एकावं आपण होऊन कशाला आणायचं? शिवाय मुहूर्ताच्या दिवशी तासन् तास नथ असते, मेकअप असतो, प्रत्येकजण गालाला हात लावतो. करायचंच असेल तर निदान दोन-तीन महिने आधी. साखरपुड्याच्या घाईत तर मुळीच नको.

चष्मा लावला तर चालतो का?

जड फ्रेमचा नको, निदान दोन आठवडे. दांड्यावर खाच पडू शकते. हलका चष्मा कपाळाला टेप लावून टांगतात, विचित्र दिसतं, पण घरात चालून जातं. त्याच दोन आठवड्यांत नाकावर मसाज, फेशियल, वाफ आणि दाताची मोठी कामंही टाळा.

वर्ष-दीड वर्षात आपोआप उतरतं ना? म्हणजे नाही आवडलं तर काळजी नाही.

बरंचसं उतरतं, सगळं उतरतंच असं नाही. एमआरआयमध्ये कित्येक वर्षांनीही जेल दिसलेलं आहे. खरी गंमत पुन्हा पुन्हा भरणाऱ्यांची होते. दरवर्षी थोडं, म्हणून जेल बाजूला पसरत जातं आणि दांडा समोरून रुंद दिसायला लागतो. मग रुंद दिसतो म्हणून उंच करायला आणखी भरायचं. हे चक्र थांबवायला विरघळवावं लागतं, आणि तेव्हा स्वतःचं मूळ नाक बघून माणूस दचकतो. वरवर भरलं गेलं तर कातडीतून निळसर झाक दिसते, गोऱ्या कातडीवर जास्त.

महिन्यांनी अचानक सूज किंवा गाठ येणं हाही एक प्रकार आहे. तापाच्या, फ्लूच्या साथीनंतर असं होतं. कोविड लशीनंतर काहीजणांना जुन्या फिलरच्या जागी सूज आल्याचं तुम्ही वाचलं असेल. ती बहुधा औषधाने उतरते. पुढे नाकाची सर्जरी करायचं मनात असेल तर सर्जनला फिलरबद्दल सांगा, ते आधी विरघळवायला लावतील.

संमतिपत्रावर सही केली म्हणजे नंतर तक्रार करता येत नाही?

येते. सही म्हणजे धोका समजला एवढंच, निष्काळजीपणाला दिलेली सूट नव्हे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. धोक्यांची पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती ही खरी संमती नाही, हेही २००८ च्या निकालात आलं. तेव्हा कागद घरी न्यायला मागा. त्यात ‘दृष्टी जाणे’ हे शब्द नसतील तर तो कागद नाकासाठी बनवलेलाच नाही. सही सुन्न करणारं मलम लावल्यावर, आडवं झाल्यावर मागितली तर उठून बसा.

घरी आल्यावर काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर?

दिसण्यात काहीही फरक पडला, एका डोळ्याने अंधुक, दुहेरी, काळं, तर १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, जिथे डोळ्याचे आणि मेंदूचे डॉक्टर दोन्ही आहेत. ‘नाकाला फिलर केलं आहे, इतक्या वाजता, या कंपनीचं’ हे पहिलं वाक्य. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, यालाही तेच.

कातडी पांढरी पडली, जाळी दिसली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर ज्यांनी केलं त्या डॉक्टरांकडे त्याच तासाला. फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, फोटोत रंग फसवतो आणि बोटाने दाबून तर बघताच येत नाही. तोवर कोमट पाण्याचा कपडा ठेवा, बर्फ नको. डॉक्टर फोन उचलत नसतील तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. म्हणूनच संध्याकाळी उशिरा, शनिवारी रात्री किंवा डॉक्टर परदेशी कॉन्फरन्सला निघायच्या आदल्या दिवशी नाक करून घेऊ नका. माझ्या हातची नाकं मी सोमवार ते बुधवार, सकाळीच करते.

सोबत कोणाला आणू का? छोटंच तर आहे.

आणा. टू-व्हीलरवर एकटे येऊ नका. आणि जी व्यक्ती येईल तिला आधीचं उत्तर वाचायला द्या.